खोलीतली एकच समतल जागा

१

पहिल्यांदा सरकला तो एक बुडबुडा, आणि तोही तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. दुसऱ्या कुठल्या घरात त्याकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. पण या घरातले बाप-लेक दोघंही बुडबुड्यांवर पोट भरलेली माणसं. बाबांनी उभी हयात पाणसळींच्या कारखान्यात काढली होती. गवंडी भिंत रचताना विटांवर जी पट्टी ठेवतो आणि तिच्यातल्या काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा मधोमध आला की समाधानाने मान हलवतो, ती पाणसळ. त्या नळीला डोळ्यांना दिसणार नाही इतका बाक द्यायचा, हे बाबांचं काम. आता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांची लेक बसत होती.

लोक सकाळी उठून घड्याळ पाहतात, बाबा पाणसळ पाहायचे. खिडकीच्या कट्ट्यावर एक जुनी पितळी पाणसळ कायमची ठेवलेली असायची. चहाचा पहिला घोट घेत ते तिच्याकडे नजर टाकायचे, आणि बुडबुडा मधोमध दिसला की दिवस सुरू करायला त्यांची हरकत नसायची.

त्या सकाळी त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि लेकीला बोलावलं. बुडबुडा खिडकीकडे सरकला होता, खोलीकडे पाठ फिरवल्यासारखा.

तिने पाणसळ उचलून उलटी केली, म्हणजे डावं टोक उजवीकडे आणि उजवं डावीकडे. कारखान्यात हेच सगळ्यात आधी शिकवतात. पट्टी फिरवल्यावर बुडबुडाही तिच्याबरोबर फिरला तर खोट पाणसळीत. तो खोलीच्या त्याच बाजूला राहिला तर खोट जागेत. बुडबुडा खिडकीच्याच बाजूला राहिला.

घर खचलंय, असं बाबा म्हणाले, आभाळ आलंय म्हणावं तितक्या सहज. तळमजल्याची खोली, खाली नुसती माती, इतकी वर्षं झाली, खचणारच. तिलाही ते पटलं. पटलं म्हणून ती निर्धास्तपणे कामाला गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा बुडबुडा मधोमध होता.

घर खचतं, हे तिला माहीत होतं. खचलेलं घर दिवेलागणीला पुन्हा वर येतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

२

ती मुळातच भित्री. कारखान्यात तिचं नाव पडलं होतं दचकूबाई. स्टूल सरकलं तरी ती दचकायची, फोन वाजला तरी दचकायची, आणि एकदा स्वतःच्याच शिंकेने दचकली होती, हे फोरमनकाका प्रत्येक नव्या माणसाला तिची ओळख करून देताना आवर्जून सांगायचे. तीही हसायची. पण या सततच्या दचकण्यापायी एक गोष्ट झाली होती, तिच्या खऱ्या भीतीला वेगळा चेहराच उरला नव्हता. कधी घाबरायचं आणि कधी स्वतःला हसून मोकळं व्हायचं, हे तिचं तिलाही कळत नसे.

दुसऱ्या दिवशी ती पितळी पाणसळ पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेली. तपासणीच्या खोलीत ग्रॅनाइटची जाड लादी तीन स्क्रूंवर तोललेली होती. तिच्यावर पाणसळ ठेवली. सरळ ठेवली, उलटी ठेवली. बुडबुडा मधोमध, आरशात भांग पाडल्यासारखा.

फोरमनकाका डब्याचं झाकण लावत तिच्याजवळ आले. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी भुवया उंचावल्या आणि मग हसू दाबलं.

"अगं दचकूबाई, म्हाताऱ्या माणसाच्या घरात सगळंच थोडं कलतं. त्यात तुझे बाबा पडले नळीवाले. त्यांना आभाळसुद्धा तिरकं दिसेल."

मग त्यांनी तिला कारखान्याच्या रीतीची आठवण करून दिली. टेबलावरच्या सगळ्याच पाणसळी चुकीच्या दिसायला लागल्या तर पाणसळींवर शंका घ्यायची नाही. लादीचे स्क्रू फिरवून बुडबुडे मध्ये आणायचे. बुडबुडा दाखवेल ते खरं धरायचं आणि बाकी जग त्याला जुळवून घ्यायचं. ही रीत बसवणाऱ्या जुन्या लोकांत बाबाही होते.

त्या संध्याकाळी ती बाबांना औषधाची गोळी द्यायला गेली. स्टुलावर काचेचा पेला होता, अर्धा भरलेला. गोळी पुढे करता करता तिचा हात थबकला.

पेल्यातलं पाणी तिरकं होतं. एका काठाला जरा वर, दुसऱ्या काठाला जरा खाली. हलत नव्हतं, हिंदकळत नव्हतं. तिरकं होऊन स्वस्थ बसलं होतं.

पेल्याला धक्का लागला असेल, स्टूल कललं असेल, आपल्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. एकेक कारण ती स्वतःपुढे ठेवत गेली आणि मान हलवून घेत गेली. बाबांनी गोळी तोंडात टाकली, पेला उचलला. पाणी हातातही तसंच, खोलीच्या मध्याकडे ओढलेलं. त्यांनी ते तसंच्या तसं पिऊन टाकलं.

३

कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकली होती. पदवी मिळाली, नोकरी मात्र बुडबुड्यांची मिळाली. त्या शिक्षणातलं बरंचसं विसरायला झालं होतं, पण दुपारचा एक तास विसरला नव्हता. सर छोट्या कृष्णविवरांबद्दल सांगत होते. ताऱ्यांच्या मरणातून होतात ती प्रचंड, ही वेगळी. एखादा अख्खा डोंगर दाबत दाबत अणूहूनही लहान केला तर जे होईल तसली. अशी वस्तू हातावर ठेवता येणार नाही, सर म्हणाले होते. तिला हात नावाची वस्तू अडवणारच नाही. हात, बाक, फरशी, जमीन, सगळ्यांतून ती धुक्यातून गोटी पडावी तशी पडत जाईल. जाताना जवळचे चार कण गिळेल, भोवतालचं सगळं स्वतःकडे ओढेल, आणि तिच्या जवळपास काळसुद्धा रेंगाळेल. पडत पडत पृथ्वीच्या पोटापलीकडे जाईल आणि तिथून पुन्हा उलटी येईल.

अर्धा वर्ग पेंगत होता. तिने मात्र त्या क्षणी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले होते. सरांना दिसलं, वर्गाला दिसलं, आणि उरलेला तास हसण्यात गेला.

आता तिला तो तास आठवला आणि हसू आलं नाही.

तिने कारखान्यातून सहा पाणसळी मागून आणल्या. बाबांना सांगितलं की साहेबांनी घरी तपासायला दिल्यात. सुट्टीच्या सकाळी तिने त्या फरशीवर गोलाकार मांडल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. बाबांना गंमत वाटत होती. तपासायचं सोडून ही नजर लावून बसते, असं ते भिंतीला सांगत होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. रस्त्यावरून कोणी सायकल नेली. वरच्या मजल्यावर भांडं पडलं आणि ती दचकली.

मग खिडकीची काच बारीक गुणगुणू लागली. कपाटाचं दार आपोआप चार बोटं उघडलं. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल वारा नसताना खोलीच्या मध्याकडे कलला आणि तसाच राहिला. फरशीवरचे सहा बुडबुडे एकाच वेळी हलले.

सगळे बाहेरच्या बाजूला. खिडकीकडचा खिडकीकडे, दाराकडचा दाराकडे, प्रत्येक जण मधल्या जागेपासून मागे. अनोळखी माणूस खोलीत शिरल्यावर लहान मुलं जशी भिंतींना चिकटतात तसे.

नळीतला द्रव ओढला गेला की हवा उलट बाजूला जाणार, एवढं साधं ते होतं. साधं आहे हे कळूनही तिने पाय आणखी जवळ ओढून घेतले. थोड्या वेळाने काच गप्प झाली. बुडबुडे सावकाश आपापल्या जागी आले.

सहा पाणसळींच्या मधोमध फरशीला एक छिद्र होतं. सुईने पाडावं तसं, त्याहूनही बारीक. तिने बोट ठेवलं. तेवढी फरशी कोमट होती.

४

रात्रंदिवस ती गणित मांडायचा प्रयत्न करू लागली. वस्तू पडते, पलीकडे जाते, परत येते, तर मधल्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती फिरलेली असणार. म्हणजे ती परत येईल तेव्हा या खोलीखाली येणार नाही, कुठल्या तरी शेतात, समुद्रात, परक्या गावात निघेल. त्याच छिद्रातून येणं शक्य नाही. हे तिने कागदावर दोनदा मांडून पाहिलं आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

पण ते त्याच छिद्रापाशी येत होतं, दिवसातून कितीदा तरी. म्हणजे एक तर तिचं गणित चुकत होतं, नाही तर ते वर फेकलं जात नव्हतं. ते येत होतं.

हा विचार तिने पुरा होऊ दिला नाही. उठून भांडी घासली.

बाबा मात्र खुशीत होते. कित्येक दिवसांत त्यांना काम मिळालं नव्हतं, ते आता मिळालं. वाकड्या घराला सरळ करायचं. ते हातात पाणसळ घेऊन खोलीभर फिरायचे, बुडबुडा सरकला की त्या त्या सामानाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचे. पलंग, टेबल, कपाट, एकेक. बुडबुडा मध्ये येईपर्यंत घडीवर घडी. पण ते जे काही होतं ते निघून गेलं की त्या घड्या तशाच राहायच्या. तिने एकदा दारातून पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच थांबली. खोलीतलं सगळं सामान मधल्या जागेपासून मागे रेललं होतं. अंग चोरून उभं होतं.

आणि एक दिवस बाबा लहान मुलासारखे हसत म्हणाले की सापडली. अख्ख्या खोलीत एक जागा आहे जिथे बुडबुडा कधीच हलत नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, काच गुणगुणते तेव्हाही नाही. त्यांनी तिथे आपली लाकडी खुर्ची आणून ठेवली होती आणि मांडीवर पाणसळ घेऊन ते बसले होते.

ती जागा तिला न सांगताही कळली. ओढ सगळीकडून तिरकी लागते. फक्त बरोबर त्या छिद्रावर उभं राहिलं तर ती सरळ खाली लागते, आणि सरळ खाली ओढलेल्या द्रवातला बुडबुडा मधोमधच राहणार. पाणसळीला खरी जागा आणि ही जागा यांतला फरक सांगता येत नाही. जन्मभर पाणसळीवर विश्वास ठेवलेल्या माणसालाही सांगता येणार नव्हता.

तिने त्यांना उठवायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. ते तिच्या घड्याळाच्या मागे होतं. सेल संपत आला असेल, बाबा म्हणाले. तिने सेल बदलून आणला. दोन दिवसांत ते पुन्हा मागे पडलं.

५

बाबांना काही तरी टोचतं, अशी तक्रार सुरू झाली. खुर्चीत बसलं की खालून कोमट लागतं आणि मुंगी चावल्यासारखं होतं. ते आंघोळीला गेले तेव्हा तिने खुर्ची उलटी केली.

बसायच्या फळीला खालच्या बाजूने छिद्र होतं. फरशीतल्यासारखंच. तिने फळी उजेडाकडे धरली, उजेड आला नाही. झाडूचा एक काडा तासून तासून केसाएवढा केला आणि आत घातला. अर्ध्या जाडीपर्यंत गेला आणि अडला.

आरपार नव्हतं.

बराच वेळ ती खुर्ची तशीच हातात धरून बसली. फरशीतून वर येऊन, खुर्चीच्या पायांमधली हवा ओलांडून, लाकडात अर्ध्यापर्यंत चढून ते परत गेलं होतं. वर टाकलेला चेंडू जिथून मागे फिरतो ती जागा. आधी ती जमिनीत खोल होती, मग फरशीपाशी आली, आज लाकडात होती. पुढच्या खेपेला, नाही तर त्याच्या पुढच्या.

बाबा आले तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. डोंगर, अणू, छिद्र, काडा. तिला रडू येत होतं म्हणून वाक्यं धड होत नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग लहानपणी ती पलंगाखाली कोणी आहे म्हणून रडायची तेव्हा म्हणायचे त्याच सुरात म्हणाले, "तू फार शिकलीस, बाळ. आणि फार घाबरतेस. दोन्ही एकदम नको होतं व्हायला."

"बाबा, तुम्हाला काही झालं तर मला कोणी नाही."

आई गेल्यापासून हे वाक्य दोघांनीही टाळलं होतं. त्यांनी पाणसळीवरची धूळ अंगठ्याने पुसली. शेवटी म्हणाले की तुझ्या समाधानासाठी चार दिवस मावशीकडे राहू, पण खुर्ची आणि पाणसळ बरोबर घेईन. ती एवढ्यावरही नाचली असती. तिने खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली, बाबांना धरून धरून तिथे बसवलं, आणि मी फोरमनकाकांचा टेम्पो घेऊन येते, तोवर इथून हलायचं नाही, असं दोनदा वदवून घेतलं. बाबांनी दोनदा हो म्हटलं. त्यांनी शब्द मोडलाय असं तिच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

६

फोरमनकाकांनी फारसं काही विचारलं नाही. तिचा चेहरा पाहूनच त्यांनी किल्ली काढली. टेम्पोत त्यांनी एकदाच विनोद करून पाहिला, ती हसली नाही, तेव्हा त्यांनीही रस्त्याकडे लक्ष दिलं. वाटेत ती बाबांना फोन लावत राहिली. घंटा वाजायची आणि वाजून वाजून थांबायची. दुपारचं ऊन स्वच्छ होतं. लोक दुकानांतून पिशव्या घेऊन निघत होते. अशा उजेडात काही होत नसतं, असं ती स्वतःला सांगत होती.

काकांना टेम्पो वळवून लावायला सांगून ती पुढे धावली.

गॅलरी रिकामी होती. फरशीवर खुर्चीचे पाय घासत नेल्याच्या दोन रेघा होत्या, थेट खोलीच्या दारापर्यंत. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी पाणसळ ठेवून पाहिली असणार, हे तिला समोर घडल्यासारखं दिसलं. बुडबुडा बाजूला सरला असणार. वाकड्या जागी बसून राहणं त्यांना जमलं नसणार. शब्द पाळायचा होता, पण बुडबुड्यापुढे त्यांनी आयुष्यात कोणाचंच चालू दिलं नव्हतं. ते गुडघे, आणि ती जड खुर्ची.

दार लोटलेलं होतं. तिने कडी धरली तेव्हा दाराने तिलाच आत ओढलं. उंबऱ्यावर तिने चौकट घट्ट धरली.

खोलीत आवाज नव्हता. काचसुद्धा गुणगुणत नव्हती. गुणगुणण्याच्या पलीकडे जाऊन ती ताठून बसली होती. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी. टॉवेल दोरीवरून आडवा, खोलीच्या मध्याकडे बोट दाखवल्यासारखा.

बाबा खुर्चीत होते. तोंड दाराकडे, मांडीवर पाणसळ, मान किंचित खाली. त्यांच्या मागे खिडकी होती. खिडकीचे गज रोज सरळ उभे असायचे. आत्ता ते बाबांच्या छातीच्या दोन्ही अंगांना बाहेर वाकले होते, आणि मधे, छातीच्या जागी, खिडकीबाहेरच्या आभाळाचा एक बारीक गोल काठ दिसत होता. माणसाच्या आत आभाळ दिसू नये. तिने डोळे मिटले, उघडले. गज वाकलेलेच होते.

"बाबा," तिने हाक मारली.

त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. काम जमल्यावर यायचं तेच समाधान होतं. पापणी अर्धी मिटलेली होती. पूर्ण मिटेल म्हणून ती पाहत राहिली, पण पापणी मिटली नाही. उघडलीही नाही.

तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. झोप लागली असेल. चक्कर असेल. डॉक्टर म्हणाले होते, या वयात असं होतं. पाय पुढे टाकला तर चार पावलांत ती त्यांच्यापाशी पोचली असती, आणि पाय पुढे टाकू नये हेही तिला ठाऊक होतं. मागे रस्त्यावर काकांनी हॉर्न दिला. तो तिच्यापर्यंत आला तेव्हा बारीक आणि घाईचा होता, एखाद्या खेळण्यातून आल्यासारखा. मग काकांचा आवाज आला, कोणाशी तरी बोलणारा, चिमणीच्या चिवचिवाटाएवढा भरभर. तिने मागे वळून पाहिलं नाही. बाहेरचं जग धावायला लागलं होतं, म्हणजे तीच आता त्यात नव्हती, हे कळायला तिला वळायची गरज नव्हती.

तिने चौकट दोन्ही हातांनी धरली आणि छातीत होता तेवढा श्वास लावून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाक मारली. मग मोजणं सोडलं. नुसतं बाबा, बाबा, बाबा.

त्यांचे ओठ मघाशी मिटलेले होते. आता त्यांत एक बारीक फट होती. तिने नजर न हलवता पाहिलं. फट वाढत होती, रोपाला पान फुटतं तशी, वाढताना दिसत नव्हती आणि वाढलेली दिसत होती. ओठ गोल होत होते.

आणि मग, आधी कानांना नाही, तळव्यांना कळलं. फरशीतून, उंबऱ्यातून, तिच्या हाडांतून वर चढत, कुठल्याही माणसाच्या आवाजाहून खालच्या, जड, सावकाश आवाजात, बाबांनी तिच्या पहिल्या हाकेला ओ द्यायला सुरुवात केली.